तेलाची परतीची वाट

मलकापूर (कराड)
१४ नोव्हेंबर १९९४

दाजी,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं. तो कागद फाडला. पावणेसहा वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या मेहुण्यानं काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून नुसतं दाजी.

पत्र कामापुरतंच आहे. आक्काला दाखवलं नाहीत तरी चालेल.

गेल्या आठवड्यात वीरधवल गॅरेजवर आला. सुभेदार हंबीररावांचा वीरधवल. टेम्पोत गाडी घालून आणली होती. तीच, सत्तेचाळीस सालची, लष्कराच्या लिलावातली विलायती मोटारसायकल. अपघातानंतर हंबीररावांनी ती गोठ्यात ढकलली आणि वर पोती टाकली, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. सीटमध्ये उंदरांनी घर केलंय, टाकीवर कोंबड्यांची घाण वाळून दगड झालीय. वीरधवल टेम्पोतून उतरला तेव्हा मी मुद्दाम गाडीकडं बघत राहिलो. उजवा पाय अजून ओढतो तो.

म्हणाला, "नाथा, रोज धारा काढताना हिच्याकडं बघतोय. एक तर चालू करून दे, न्हाई तर भंगारात घालतो."

"ठेव, बघतो," मी म्हणालो. मग तो आणखी एक वाक्य बोलला, ते इथं लिहीत नाही.

तीन दिवस साफसफाई केली. पेट्रोलची टाकी धुतली, कार्बोरेटर उघडला, नवं तेल घातलं. अकराव्या किकला चालू झाली. पण पाच मिनिटांत एवढा धूर की चहाच्या टपरीवरचा केरबा बादली घेऊन धावत आला. त्याला वाटलं गॅरेज पेटलं. बंद करून बघितलं तर तेलाची टाकी निम्म्यावर, आणि खालचा बोल्ट काढल्यावर चेंबरातून भसकन तेल पडलं.

या गाडीचं तेल इंजिनच्या पोटात राहत नाही, हे तुम्हीच मला शिकवलं. सीटखालच्या टाकीतून पंप ते आत ढकलतो, तेल सगळीकडं फिरून खाली चेंबरात पडतं, आणि त्याच पंपाची दुसरी बाजू ते उचलून परत टाकीत नेते. इथं जातं आहे, पण परत येत नाही. दोष कुठं असेल? असल्या गाड्या आता कराडात कुणाला कळत नाहीत. चार ओळी लिहाल तर बरं होईल.

आईचे गुडघे दुखतात, बाकी ठीक. ती तुमचा विषय काढत नाही. आक्काचा रोज काढते.

नाथाजी


मलकापूर
२७ नोव्हेंबर १९९४

दाजी,

कार्ड मिळालं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. सात ओळी आहेत, वर नाव नाही, खाली नाव नाही, पण अक्षर तुमचंच. आईनं कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. "राजेश्वरीचं काय लिवलंय का?" विचारलं. मी म्हणालो, "कामाचं कार्ड हाय." तिनं तरी ते देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. मला तिथून मागून घ्यावं लागलं.

तुम्ही लिहिलंय, "उभी असताना उतरतं की चालताना परत येत नाही, हे आधी वेगळं कर. दोन्ही एकदम शोधायला जाऊ नकोस." तसंच केलं. टाकीत मापून तेल घातलं, काडीनं खूण केली, आणि गाडी एक पूर्ण दिवस-रात्र तशीच उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी खूण दोन बोटं उघडी. म्हणजे उभ्या गाडीचं तेल झिरपून खाली उतरतंय. वाटेतली तेल अडवणारी स्प्रिंगवरची गोळी काढली, तिच्या बुडाला गंज बसला होता. जागा साफ केली, नवी गोळी ठेवून वरून हलकेच ठोका दिला, तुम्ही द्यायचा तसा. परत दिवसभर ठेवली. खूण जागची हलली नाही.

एक दोष गेला. मग तुम्ही सांगितल्याप्रमाणं गाडी चालू करून टाकीचं टोपण काढलं आणि आत बॅटरी मारली. परतीच्या नळीतून तेल थुंकत-थुंकत यायला हवं, बुडबुडे घेऊन. काही आलं नाही. नळी कोरडी. म्हणजे दुसरा दोष आहे आणि तोच खरा आहे.

यापुढं तुम्ही लिहिलंय, "पंपाचं झाकण उघड. जाळी बघ. पॅकिंग बघ."

ते अजून उघडलं नाही. कारखाने सुरू झालेत, उसाचे ट्रॅक्टर दारात रांगेनं उभे आहेत. सवड मिळाली की उघडतो.

तुम्ही 'पॅकिंग' या शब्दाखाली रेघ मारलेली नाही. तरी मी तो शब्द लय वेळ बघत बसलो.

नाथाजी


मलकापूर
९ डिसेंबर १९९४

दाजी,

काम झालं. पंपाचं झाकण उघडलं, जाळीत गाळ बसला होता, मेणासारखा. रॉकेलनं धुतली, तेल परत यायला लागलं. वीरधवलला गाडी नेऊन देईन म्हणतो. तुमचे उपकार झाले. पुन्हा तसदी देणार नाही.

नाथाजी


मलकापूर
२ जानेवारी १९९५

दाजी,

मागचं पत्र खोटं आहे. जाळीत गाळ नव्हता. जाळी मी बघितलीच नव्हती, झाकण उघडलंच नव्हतं. गाडी कोपऱ्यात उभी होती आणि तिच्यावर मी ताडपत्री टाकली होती.

पहिलं पत्रही खोटं आहे. दोष कुठं असेल, असं मी तुम्हाला विचारलं. दोष कुठं आहे ते मला त्या वेळीही माहीत होतं. पावणेसहा वर्षं माहीत होतं.

काल वडूजची मावशी आईला भेटायला आली. दिवाळीत ती सांगलीला तुमच्याकडं दोन दिवस राहिली होती म्हणे. मी आत जेवत होतो, बाहेर दोघी बोलत होत्या. मावशी सांगत होती, "आप्पासो जळलेल्या मोटारीत तारा भरत्यात, विहिरीवरचं पंप बसवत्यात, पर मोटारसायकलीला हात लावत न्हाईत. आन् पंप बसवून झाला की परत खोलत्यात, परत आवळत्यात. तीन-तीन डाव. गिऱ्हाईक हसतंय. मग राजेश्वरीला म्हनत्यात, बघ गं जरा, बसलाय न्हवं? माझा माझ्या हातावर इस्वास न्हाई."

आईनं विचारलं, "असं का गं?"

"त्या पोराचा पाय मोडल्यापासनं," मावशी म्हणाली.

ताटावरून उठलो आणि गॅरेजवर आलो. ताडपत्री काढली आणि झाकण उघडलं.

आत जे निघालं ते या पाकिटात आहे. एक दिवस लाकडाच्या भुश्शात दाबून ठेवलंय, तरी कागदाला तेलाचा डाग पडेल. उजेडात धरून बघा. पंपाच्या झाकणाखालचं पॅकिंग आहे. त्याला दोन भोकं पाहिजेत, एक जाणाऱ्या तेलाचं आणि एक परत येणाऱ्या. त्याला एकच आहे. दुसऱ्या जागी नुसता काळा गोल उठलाय, तेलानं आतून दाबून-दाबून कागद फुगवलाय, पण कागद जाड होता, फाटला नाही. ते पॅकिंग मी कापलं होतं.

आता सगळं सांगतो. मध्ये थांबलो तर परत लिहिणार नाही.

त्या दिवशी तुम्ही पाटणला जीपच्या कामाला गेला होता. हंबीररावांच्या गाडीचं सगळं काम तुम्हीच केलं होतं, खालचा बोल्टसुद्धा आदल्या दिवशी तुम्हीच आवळला होता. फक्त पंपाचं झाकण बसवायचं राहिलं होतं. मला म्हणाला होता, "मी आल्यावर बसवू." सकाळी हंबीरराव आणि वीरधवल आले. वीरधवलची भरतीत निवड झाली होती, आठ दिवसांनी जायचं होतं. त्याआधी त्याला वडूजला आत्याच्या पाया पडायला जायचं होतं, बापाच्या गाडीवरून. हंबीरराव मला म्हणाले, "आप्पासो न्हाईत? मग ऱ्हाऊ दे, ते आल्यावर नेऊ."

तेवढंच बोलले. वाईट काही बोलले नाहीत. पण मी नऊ वर्षं तुमच्या शेजारी काम करत होतो आणि दारात येणारा प्रत्येक माणूस 'आप्पासो हायत का' असंच विचारायचा. मी म्हणालो, "आवं सुभेदार, झाकण तेवढं लावायचंय. अर्ध्या तासात देतो."

ड्रॉइंगचा जाड कागद घेतला, झाकणावर ठेवून हातोडीनं ठोकून कापला, पंच मारला, बसवलं. चालू केली, आवाज चांगला लागला. टाकीचं टोपण काढून तेल परत येतंय का ते दोन मिनिटं बघायचं असतं. मी बघितलं नाही. दोघं उभे होते, मला ऐटीत गाडी द्यायची होती. वर वीरधवलला सांगितलं, "नवं काम हाय, थोडा धूर दील. काळजी करू नगंस." म्हणून त्यानं धुराकडं बघितलं नाही.

पुसेसावळीच्या अलीकडच्या वळणावर गाडी घसरली. निरोप आल्यावर मी टेम्पो घेऊन गेलो, तोवर वीरधवलला दवाखान्यात हलवलं होतं. मागचं टायर तेलानं निथळत होतं. चेंबर गच्च भरून इंजिननं तेल मागच्या नळीतून बाहेर फेकलं होतं, ते सगळं चाकावर. रस्त्यावरही तेलाचं डबकं. माणसं म्हणत होती, खालचा बोल्ट निघाला. मी बोल्टला हात घातला. हलेना. पाना लावला, दोन्ही हातांनी ओढला, तेव्हा सुटला. दाजी, तुमचा हात होता तो. चेंबरातून उरलंसुरलं तेल पडलं, वर टाकी कोरडी ठणठणीत. मला तिथं रस्त्यावरच सगळं कळलं.

बोल्ट परत बसवताना मी पाना वापरला नाही. हातानंच फिरवून ठेवला. घाई होती, असं मी स्वतःला सांगत आलोय. घाई नव्हती.

पुढचं तुमच्या समोरच झालं. तुम्ही पाटणहून आला होता. हंबीरराव दवाखान्यातून तडक गॅरेजवर आले. वाकून बोल्ट फिरवला, तो बोटांनी फिरला. मला विचारलं, "असाच हुता?"

"व्हय," मी म्हणालो. "हातानंच फिरत हुता."

तुम्हीही वाकलात. तुमच्याही बोटांना तो ढिला लागला. हंबीररावांनी चारचौघांत तुमच्या थोबाडीत मारली आणि तुम्ही सावधानमध्ये उभं राहावं तसे उभे राहिलात. लष्कराच्या वर्कशॉपात सोळा वर्षं काढलेला हवालदार. "शेवटचा हात माझा हुता, सुभेदारसाब," एवढंच म्हणालात. मी तुमच्या मागं उभा होतो. चिंधीनं हात पुसत होतो. हात स्वच्छ होते.

तुम्ही आत जाऊन तोंड धुतलं. मी बाक झाडायला घेतला. पंच मारला की कागदाची टिकली पडते. बाकावर दोन टिकल्या पडायला हव्या होत्या. मी बाकाखालीही शोधलं. एकच होती. तुम्ही आत असताना मी ती झाडून टाकली.

महिन्याभरात तुम्ही आक्काला घेऊन सांगलीला गेलात. जाताना आक्का मला म्हणाली, "नाथा, तू तरी यांच्या बाजूनं बोलायचं हुतंस रं." तिला वाटलं मी गप्प राहिलो. मी गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं.

बोल्ट तुम्ही नीट आवळला होता. तुमचा हात चुकला नव्हता. एवढ्यासाठी हे पत्र. माफी मागत नाही. ती कोणत्या तोंडानं मागू ते मला कळत नाही.

वीरधवल गाडी घेऊन आला त्या दिवशी जे वाक्य बोलला, ते असं होतं: "ह्या खेपेला खालचा बोल्ट तेवढा नीट आवळ, तुज्या दाजीवानी ठेवू नगंस." आणि मी बरं म्हणालो.

नाथाजी


मलकापूर
२३ जानेवारी १९९५

दाजी,

तीन आठवडे झाले. तुमचं उत्तर नाही, ते बरोबरच आहे. आक्काचंही नाही. पोस्टमन दारावरून गेला की आई माझ्याकडं बघते.

मी वीरधवलला सांगितलं. तो उसाला पाणी देत होता. दंडावर उभं राहूनच सांगितलं, बसलो असतो तर बोलता आलं नसतं. त्यानं फावडं खाली ठेवलं, पाटाचं दारं उघडंच राहिलं, पाणी भलत्या सरीत जायला लागलं तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"कवापासनं ठाव हाय तुला?"

"पयल्या दिवसापासनं."

तो बांधावर बसला. उजवा पाय त्याला दोन्ही हातांनी उचलून लांब करावा लागतो. म्हणाला, "पायाचं जाऊ दे. गाडीवरनं माणूस पडतंय. पर मी घरात रोज आप्पासोंच्या नावानं शिव्या दिल्या. जेवताना दिल्या. आन् तू माज्या लग्नात माज्या पंगतीला बसलास. माज्या बाजूला. मी तुला आग्रह करून जिलबी वाढली."

मग हात टेकून उठत तो म्हणाला, "चल. आबाला सांग."

हंबीरराव आता थकलेत, कानानं कमी ऐकतात. त्यामुळं मला ओरडून सांगावं लागलं. घरातल्या बायका दारात आल्या. 'पॅकिंगला भोक पाडायचं मी इसरलो आन् खोटं बोललो' हे मला तीन वेळा ओरडून सांगावं लागलं, तेव्हा त्यांना कळलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी स्वतःचा उजवा हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडं बघत बसले.

"त्या माणसाला मी चारचौघांत मारलं," म्हणाले. "तुला मारून मला काय घावणार? माजी चापट मी म्हागारी कशी घिऊ, सांग."

मग म्हणाले, "जितं मी त्याला मारलं, तितं हुबा ऱ्हाऊन सांग. बाजाराच्या दिवशी."

गुरुवारी सांगितलं. गॅरेजच्या दारात, जिथं तुम्ही उभे होता तिथंच. हंबीरराव आणि वीरधवल टेम्पोतून आले होते. केरबा होता, समोरचा खतवाला होता, ट्रॅक्टर घेऊन आलेली पाच-सहा माणसं होती. मी सगळं सांगितलं, पाना लावून बोल्ट सोडवला आणि हातानं बसवला, तेही सांगितलं. मला वाटलं होतं जमीन फाटेल. काही झालं नाही. निम्म्या माणसांना तुम्ही कोण तेही माहीत नव्हतं. एकजण म्हणाला, "जाऊ दे, जुनं झालं." दुसऱ्यानं विचारलं, "मग माजा क्लच आज हुतोय का?"

खतवाला मात्र पाठ फिरवून आत गेला. आणि केरबा त्या दिवसापासून चहा पाठवत नाही. मी टपरीवर गेलो तर देतो, पण ग्लास हातात न देता फळीवर ठेवतो. तुम्ही त्याच्या पोरीच्या बारशाला गेला होता, मला आठवतं.

वीरधवल गाडी परत घेऊन गेला. झाकण उघडंच होतं. म्हणाला, "तुज्या हातनं नगं."

आईला अजून सांगितलं नाही. बाजारात सांगितलं, घरात जमलं नाही.

नाथाजी


मलकापूर
१२ फेब्रुवारी १९९५, रविवार

दाजी,

हंबीरराव आणि वीरधवल सांगलीला तुमच्याकडं येऊन गेले, हे मला नंतर कळलं. तिथं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. मग कळलं की तुम्ही त्यांच्या गावी आलात आणि त्यांच्या गोठ्यात बसून गाडी उघडलीत. तीन दिवस. माझं गॅरेज वाटेवर आहे. तुमची एसटी दारावरून गेली असणार.

परवा निरोप आला, नाथाला बोलवा. मी सायकलवर गेलो. तुम्ही तिथं होताच, पण मला काय दिसलं ते लिहितो.

केस पांढरे झालेत तुमचे. चष्मा लागलाय. तुम्ही खाली पोत्यावर बसला होता आणि पंपाचं नवं पॅकिंग मांडीवर घेऊन पंच मारत होता. मला बघितलं आणि परत मान खाली घातलीत. दोन्ही टिकल्या तुम्ही उचलून खिशात टाकल्या. पॅकिंग उजेडाकडं धरलं, बसवलं, बोल्ट आवळले. एकेकदाच आवळले, दाजी. मी मोजत होतो. परत खोलला नाहीत.

मग वीरधवल गाडीच्या उजव्या बाजूला जमिनीवर उभा राहिला आणि डाव्या पायानं किक मारली. उजव्या पायानं मारता येत नाही, म्हणून त्यानं ते शिकून घेतलंय. चौथ्या किकला चालू झाली. धूर आला, मग पातळ झाला, मग गेला. हंबीरराव खाटेवरून उठून जवळ आले, कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी हात टाकीवर ठेवला.

तेव्हा तुम्ही माझ्याशी पहिल्यांदा बोललात. "नाथा, तेल येतंय का बघ."

मी टोपण काढून आत बघितलं. नळीतून तेल थुंकत येत होतं, बुडबुडे घेऊन. "येतंय, दाजी," मी म्हणालो.

तुम्ही मला हातानं बाजूला केलंत, चष्मा वर केला आणि स्वतः वाकून बघितलंत. बराच वेळ बघितलंत. मी म्हणालो त्यावर तुमचा विश्वास बसला नाही. बसायला नकोच होता. पण तुमच्या हाताचं तुम्हाला पटलं, ते मी बघितलं. मला तेवढंच बघायचं होतं.

वीरधवल गाडीवर बसला नाही. म्हणाला, "उद्या बसतो." कुणी त्याला आग्रह केला नाही.

निघताना तुम्ही हात धुतले आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "आईला रविवारी सकाळच्या एसटीत बसवून दे. राजेश्वरी स्टँडवर यील. तू येऊ नगंस."

मी बरं म्हणालो.

काल आईला सांगितलं. चुलीपुढं बसूनच सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकली, उलटली, भाजून टोपल्यात ठेवली, मग दुसरी घेतली. पिठाचा गोळा संपेपर्यंत थापत राहिली. मग तिनं विचारलं, "राजेश्वरीला हे सगळं ठाव हाय?"

"आता ठाव हाय."

"म्हंजे सहा वर्सं तिला वाटलं तिचा नवरा चुकला. आन् मला वाटलं, जावई मानी हाय म्हणून लेकीला माहेरी धाडत न्हाई." तिनं हात धुतले. "आन् तू रोज माझ्याम्होरं जेवत हुतास."

रात्री तिनं स्वतःच पिशवी भरली. दोन लुगडी, गुडघ्याचं तेल, आक्कासाठी शेंगदाण्याची चटणी. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

हे पत्र मी स्टँडवर बसून लिहितोय. आई बाकावर बसलीय, माझ्यापासून थोडी लांब. गाडी लागली की पत्र तिच्या पिशवीत घालीन. तिला वाचता येत नाही, म्हणून एवढं मोकळं लिहिलं. कराडहून आठ वाजता सुटणारी गाडी आहे. उजव्या गुडघ्याला चढताना त्रास होतो, उतरताना जास्त होतो, आक्काला हात द्यायला सांगा. कंडक्टरलाही मी सांगून ठेवतो.

परतीची गाडी कधीची बघू, असं मघाशी तिला विचारलं. बुधवारी न्यायला यायचं तर सांगलीच्या स्टँडपर्यंतच येईन, घरापर्यंत येणार नाही, असंही म्हणालो.

ती म्हणाली, "तू नगं बघूस. म्हागारी यायचं का न्हाई, ते मी तितं लेकीपाशी बसून ठरवीन."

गाडी लागली.

नाथाजी